तुकोबांची नम्रता: आधीची की नंतरची?

वाकडमध्ये राहून तुकारामांवर पीएच.डी. करतेय असं सांगितलं की समोरच्याला जरा गंमत वाटते. भूमकर चौकात हिंजवडीच्या गाड्यांमध्ये अडकलेल्या माणसाला सतराव्या शतकातला कवी लांबचा वाटणं साहजिक आहे. खरं तर देहू इथून फार दूर नाही. रावेतवरून देहूरोड, तिथून आत वळलं की देहू. आषाढी वारीत तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते, आणि त्या दिवशी आपल्या अर्ध्या पिंपरी-चिंचवडचा रस्ता तिच्यासाठी बाजूला होतो. म्हणजे माझा विषय माझ्या घराच्या अंगणातलाच आहे. आणि अंगणातल्या विषयात ठेच लागते ती जास्त जोरात.

आजची पोस्ट त्या ठेचेबद्दल आहे. पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी. एका मोठ्या अभ्यासकाच्या वाचनाची ही चिकित्सा आहे आणि ते वाचन डोळे मिटून स्वीकारणाऱ्या माझीही.

प्रश्न काय आहे

एखाद्याला आध्यात्मिक जाग येते. ‘मला कळलं’ असा अनुभव येतो. त्यानंतर तो माणूस नम्र होतो की गर्विष्ठ? आजूबाजूला पाहिलंत तर दोन्ही दिसतील. दहा दिवस मौन पाळून आलेला मित्र कधी शांत होऊन येतो, तर कधी पहिल्या चहाच्या कपापासून आपल्याला उपदेश करायला लागतो. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांमध्ये अशा अनुभवांची चार लक्षणं सांगितली. त्यातलं एक असं की त्या माणसाला ते निव्वळ भावना वाटत नाही, ते ‘ज्ञान’ वाटतं. खात्रीचं ज्ञान. गोम इथेच आहे. खात्री आली की स्वतःकडे बघायची गरज संपल्यासारखी वाटते.

तुकोबांचं वेगळेपण असं की त्यांच्या गाथेत खात्री आणि आत्मपरीक्षण दोन्ही आहेत, आणि दोन्ही टोकाचे. एका अभंगात ते म्हणतात की लोक मला संत म्हणतात, पण माझं मन मला ठाऊक आहे, मी तसा नाही. दुसरीकडे तेच ठणकावतात की वेदांचा खरा अर्थ आम्हालाच कळतो, बाकीचे नुसता भार वाहतात. हा एकच माणूस आहे का? असेल तर या दोन बोलण्यांचा मेळ कसा घालायचा? माझ्या दुसऱ्या प्रकरणाचा हाच प्रश्न होता.

आपल्याला नक्की काय माहीत आहे

संशोधनात पहिलं काम म्हणजे खुंट्या शोधायच्या. ज्या हलत नाहीत त्या. तुकोबांच्या बाबतीत अशा खुंट्या थोड्या आहेत, पण आहेत. एका प्रसिद्ध आत्मचरित्रपर अभंगात ते स्वतःच सांगतात: जात शूद्राची, धंदा वाण्याचा, आईवडील गेले, दुष्काळात सगळं गेलं, बायको अन्न अन्न करत मेली, लाज वाटली, धंद्यात तोटा आला, मग मोडकं देऊळ दुरुस्त केलं, संतांची वचनं पाठ केली, स्वप्नात गुरूचा उपदेश मिळाला, कविता सुचली, तिला मनाई झाली, वह्या बुडवल्या, देवाने समाधान केलं. हा दुष्काळ म्हणजे १६३० च्या आसपासचा दख्खनचा भीषण दुष्काळ. गुरूपदेशाच्या अभंगात माघ शुद्ध दशमी आणि गुरुवार हे दोन्ही दिलेत. शक मात्र दिलेला नाही! म्हणून त्या एका सालावर अभ्यासकांनी कितीतरी पानं खर्च केली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, तुकोबा हे सगळं सांगतात ते संतांनी विचारलं म्हणून. हे सांगू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, असा त्या अभंगाचा सूर आहे. ‘माझा प्रवास’ सांगायला उत्सुक असलेल्या आजच्या काळात एवढं वाक्यसुद्धा थांबून वाचण्यासारखं आहे.

आता मुख्य अडचण. आज छापील गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग मिळतात. ते लिहिण्याच्या क्रमाने लावलेले नाहीत. मुंबई सरकारच्या मदतीने विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत गाथा छापली. देहू, तळेगाव, पंढरपूर अशा ठिकाणच्या हस्तलिखितांवरून त्यांनी पाठ ताडून पाहिले. पुढे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून ‘असल गाथा’ काढली. हे संताजी म्हणजे चाकणचे तेली, तुकोबांचे टाळकरी, समाधी सुदुंबऱ्याला. आपल्या एमआयडीसीच्या पट्ट्यातलेच. पण कुठलीही प्रत घ्या, कुठला अभंग ऐन विशीतला आणि कुठला चाळिशीतला हे ती सांगत नाही. चार-दोन अभंगांत प्रसंगाचा उल्लेख येतो तेवढाच. बाकी सगळं मोकळं.

रानड्यांचा जिना

या मोकळ्या ढिगातून सगळ्यात देखणी इमारत उभी केली ती गुरुदेव रा. द. रानडे यांनी. फर्ग्युसन कॉलेजात शिकवलेले, पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कुलगुरू. ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली आला. आजही महाराष्ट्रातल्या संतांवर तात्त्विक अंगाने काम करायचं तर तो टाळून पुढे जाता येत नाही.

रानडे तुकोबांचं आध्यात्मिक चरित्र पायऱ्यांमध्ये मांडतात. आधी साधक, मग तळमळ आणि अंधार, मग साक्षात्कार, त्यानंतर सिद्धाची निःशंक वाणी. मधल्या काळोखाच्या टप्प्यासाठी ते सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संताची, क्रॉसच्या सेंट जॉनची, ‘आत्म्याची काळरात्र’ ही कल्पना वापरतात. मी अपराधी आहे, देव भेटत नाही, जीव द्यावासा वाटतो असे अभंग या रात्रीत जातात. आम्हीच वैकुंठाहून आलो, आम्हालाच अर्थ ठावा, असे अभंग उजाडल्यावरचे.

हे वाचन मला का आवडलं तेही सांगते, कारण चिकित्सेत आधी बलस्थान सांगायला हवं. रानड्यांच्या आधी अनेकांनी तुकोबांचं दैन्य ‘भक्ताची रीत’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. रानड्यांनी ते खरं मानलं. या माणसाला खरोखर यातना झाल्या होत्या, असं ते म्हणतात. त्यांनी तुकोबांना जगातल्या मोठ्या अनुभवी माणसांच्या पंक्तीला बसवलं, तेही अशा काळात जेव्हा मराठी संतांना तत्त्वज्ञानाच्या वर्गात जागा नव्हती. रानडे स्वतः निंबरगी संप्रदायातले, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचे शिष्य. नामसाधनेची वाट त्यांना आतून माहीत होती. त्यामुळे त्यांच्या लिखाणात नुसती पुस्तकी माहिती नाही.

आणि जिना सुटसुटीत आहे हो! विसंगती क्षणात मिटते. नम्रता खालच्या पायरीवरची, खात्री वरच्या. दोन तुकाराम नाहीत, एकच तुकाराम दोन वेळांचा.

माझी काळरात्र आणि उजेड

मीही हेच केलं. एका रात्री दोनच्या सुमाराला, काही अभंग चिठ्ठ्यांवर लिहून फरशीवर मांडून बसले होते. तळमळीचे डावीकडे, निःशंक उजवीकडे. आणि अचानक सगळं जुळलं. अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं मला तुकोबा कळले. त्यानंतरचे सहा महिने मी कुणाचं काही ऐकलं नाही. माझ्या गाईड मॅडमनी प्रकरणाच्या मसुद्यावर एका ठिकाणी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हा क्रम कुठून आला?’ मी उत्तर म्हणून रानड्यांचा पान क्रमांक दिला.

मग एक दिवस सोसायटीच्या बाकावर प्रिंटआउट चाळत बसले असताना आमच्याच विंगमधल्या एक आजी शेजारी येऊन टेकल्या. मूळच्या खेड तालुक्यातल्या, माळकरी, वर्षानुवर्षं वारी केलेल्या. मुलाच्या नोकरीमुळे वाकडला आल्यात. मी मोठ्या उत्साहाने त्यांना माझा जिना समजावला. हे आधीचे अभंग, हे नंतरचे.

आजींनी कागद लांब धरून वाचला. म्हणाल्या, “पोरी, हे तर करुणेचे अभंग. हे काय आधीचे नि नंतरचे नसतात. रोज म्हणायचे असतात.”

मी म्हटलं, “पण आजी, देव भेटल्यावर कशाला कोण असं म्हणेल?”

“भेटल्यावरच म्हणतात. भेटला नाही तो कुणाला म्हणणार?”

त्या भाजी आणायला निघून गेल्या. माझ्या चाळीस पानांचं काय करायचं ते मला ठरवायचं होतं.

चूक नेमकी कुठे

शांतपणे पाहिलं तर चूक सरळ आहे. गाथेत कालक्रम नाही. मग ‘तळमळीचे अभंग आधीचे’ हे मला कशावरून कळलं? तर साक्षात्कारानंतर माणूस तळमळत नाही, या गृहीतकावरून. आणि ‘साक्षात्कारानंतर माणूस तळमळत नाही’ हे कशावरून कळलं? तर तळमळीचे अभंग आधीचे आहेत यावरून. गोल गोल. निष्कर्ष मी पुराव्यातून काढला नव्हता, पुराव्याची मांडणीच निष्कर्षावरून केली होती.

याची परीक्षा घरी करता येते. मी त्याच चिठ्ठ्या एका मैत्रिणीला दिल्या. ती मराठीचीच विद्यार्थिनी, पण तिने रानडे वाचलेले नाहीत. ‘आयुष्याच्या क्रमाने लाव’ एवढंच सांगितलं. तिचा क्रम माझ्यापेक्षा बराच वेगळा निघाला. तिच्या मते आवेशाचे अभंग तरुणपणीचे आणि स्वतःला दोष देणारे उतारवयातले. तिचंही कारण पटण्यासारखं होतं. दोन्ही क्रम तितकेच पटतात, तेव्हा समजावं की क्रम चिठ्ठ्यांमध्ये नाही, तो आपल्या डोक्यात आहे.

आता खुंटीला बांधलेले अभंग बघा. वह्या इंद्रायणीत बुडवल्यावर तुकोबा तेरा दिवस धरणं धरून बसले, आणि वह्या कोरड्या परत मिळाल्या असं परंपरा सांगते. चमत्कार माना किंवा मानू नका, तो वेगळा विषय. आपल्याला हवे आहेत ते त्या प्रसंगावरचे अभंग. त्यांत प्रसंगाचा उल्लेख आहे, म्हणून ते त्या घटनेच्या नंतरचे हे आपण म्हणू शकतो. वाघोलीच्या रामेश्वर भटांचा विरोध, धर्माच्या नावाने झालेली मनाई, आणि मग हा निकाल. यापेक्षा मोठा विजय कुठला? इथे माणसाने छाती काढून उभं राहायला हवं होतं. तुकोबा काय करतात? देवाची क्षमा मागतात. मी तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यामुळे चित्त खवळू दिलं, माझ्यासाठी तुला कष्ट दिले, हा माझा अन्याय, असा त्यांचा पश्चात्ताप आहे.

म्हणजे जिथे ‘नंतर’ आपल्याला खरोखर माहीत आहे, तिथे स्वतःकडे बोट दाखवणं थांबत नाही. उलट धारदार होतं. दुःख वह्या गेल्याचं नाही, वह्यांसाठी हट्ट धरल्याचं आहे. एवढ्याने रानड्यांचा सगळा जिना कोसळत नाही; एका प्रसंगावरून सगळं आयुष्य ठरत नाही. पण ‘दैन्य म्हणजे आधीचं’ हे समीकरण मोडतं.

मग कसं वाचायचं

आजींच्या वाक्यात पद्धत दडलेली होती. वारकरी भजनात अभंग काळाने लावत नाहीत, प्रसंगाने लावतात. रूपाचे अभंग, काकड्याचे, गौळणी, करुणापर, उपदेशपर, नाटाचे. या वर्गवारीकडे मी ‘भाविक’ म्हणून दुर्लक्ष केलं होतं. पण तिच्या पोटात एक नेमका प्रश्न आहे: हे कोण कुणाला म्हणतंय?

हा प्रश्न घेऊन चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. देवाशी बोलताना तुकोबा लहान होतात, भांडतातही, पण मागणारे असतात. स्वतःच्या मनाशी बोलताना निर्दय असतात. संतांपुढे पायाची धूळ होतात. आणि दांभिकांशी, अर्थ न कळता पाठांतराचा तोरा मिरवणाऱ्यांशी बोलताना जराही वाकत नाहीत. वेदांचा अर्थ आम्हालाच ठावा, हे देवाला सांगितलेलं नाही. ज्यांनी त्यांना बोलायलाच मनाई केली होती त्यांना सांगितलंय.

इथे नम्रतेचा प्रश्न एकदम सामाजिक होतो. नम्रता कोण कुणाकडून मागतंय? एका कुणब्याने धर्मावर बोलू नये, म्हणजे त्याने ‘नम्र’ राहावं, ही व्यवस्थेची अपेक्षा होती. तुकोबा ती नम्रता नाकारतात आणि दुसरी, कुणीच न मागितलेली, स्वतःहून स्वीकारतात. देवा, कुणबी केलंस ते बरं झालं, नाहीतर दंभाने मेलो असतो, अशा अर्थाचा त्यांचा अभंग तुम्हाला माहीत असेल. शाळेत तो मी नम्रतेचा म्हणून शिकले. पण नीट ऐका. तो दंभ कुणाचा सांगितलाय? एकाच वाक्यात स्वतःचीही तपासणी आहे आणि उच्चवर्णीय विद्वत्तेलाही टोला आहे. डॉ. सदानंद मोरे यांच्या ‘तुकाराम दर्शन’ने (१९९६) तुकोबांना समाजाच्या आणि इतिहासाच्या मोठ्या पटावर ठेवून पाहायला शिकवलं. त्या पटावर पाहिलं की खात्री आणि नम्रता ही दोन वयं राहत नाहीत. ती दोन दिशांना केलेली तोंडं होतात.

माझ्या या वाचनालाही भोकं आहेत, ती मीच दाखवते. एक, पुष्कळ अभंगांत ऐकणारा स्पष्ट नाही, किंवा मध्येच बदलतो. सुरुवात देवाशी आणि शेवट लोकांशी. दोन, करुणेची भाषा तुकोबांच्या आधी नामदेवांपासून चालत आलेली आहे, त्यामुळे किती त्यांची स्वतःची आणि किती परंपरेची हे दर अभंगाला तपासावं लागतं. तीन, कीर्तनात म्हटलेला अभंग देवाला उद्देशून असला तरी ऐकायला गाव बसलेलं असतं. देहूला येऊन राहिलेल्या संत बहिणाबाई या काळाच्या मोठ्या साक्षीदार. स्वप्नात तुकोबांचा उपदेश मिळालेली ब्राह्मण स्त्री, आणि त्यासाठी मंबाजी गोसाव्याकडून छळ सोसलेली. त्यांच्या आत्मनिवेदनातून देहूतल्या कीर्तनाचं आणि विरोधाचं वातावरण कळतं. तुकोबांच्या मनात काय होतं ते नाही. बाहेरच्या साक्षीची मर्यादा असते, तशीच ही.

म्हणून माझा दावा आता छोटा आहे. तुकोबांच्या अनुभवानंतर त्यांचं आत्मपरीक्षण संपलं असं म्हणायला गाथेत पुरावा नाही, आणि ते चालू राहिलं असं दाखवणारी निदान एक पक्की जागा आहे. चाळीस पानांतून एवढं उरलं. मॅडमनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली, शेजारी काही लिहिलं नाही.

तुमच्यासाठी

हे सगळं तुम्हाला का सांगतेय? कारण तुमच्याही संशोधनात ती रात्र येणार आहे. सगळं जुळल्याची. ती आलीच पाहिजे, तिच्याशिवाय कुणी चार-पाच वर्षं एका विषयाला चिकटून राहत नाही. प्रश्न त्यानंतरच्या सकाळचा आहे. जेम्सचं एक म्हणणं इथे उपयोगी पडतं. असा अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो अधिकारी असतो, पण दुसऱ्याने तो मान्य करावाच असं बंधन नाही. तुमच्या रात्रीच्या उजेडालाही हाच नियम लावा. तुमच्यासाठी तो खरा असेल. व्हायवाच्या टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांना पुरावा लागतो.

तीन सवयी मी लावून घेतल्यात, जमल्या तर तुम्हीही लावा.

एक, पुराव्याची मांडणी आणि निष्कर्ष वेगवेगळ्या वह्यांत ठेवा. मांडणी करताना निष्कर्षाची वही बंद.

दोन, तुमची वर्गवारी अशा माणसाकडून करून घ्या ज्याला तुमचा सिद्धान्त माहीत नाही. निकाल वेगळा आला तर रागावू नका. तोच खरा डेटा.

तीन, जे लोक तुमचा विषय जगतात त्यांना तो समजावून सांगायच्या आधी त्यांच्याकडून ऐका. त्यांचं सगळं बरोबर असतं असं नाही. आजींनी वह्या कोरड्या निघाल्याचंही मला तितक्याच खात्रीने सांगितलं असतं, आणि ते मी प्रबंधात पुरावा म्हणून घालू शकले नसते. पण प्रश्न कुठून विचारायचा हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

आणि रानड्यांना सोडू नका. मी त्यांचं पुस्तक कपाटातून काढून टाकलेलं नाही, टेबलावरच आहे. फक्त आता त्यांच्या पानाचा क्रमांक हे माझं उत्तर नसतं. तिथून माझा प्रश्न सुरू होतो.

जुनी चाळीस पानं मी जपून ठेवलीत. वर पेन्सिलीने मॅडमचा प्रश्न तसाच आहे: ‘हा क्रम कुठून आला?’ नवीन प्रकरण लिहायला बसताना ती फाईल आधी उघडते. तुमच्याकडेही असं एखादं पान असेल तर फाडू नका.